छत्री नेमकी कोणाची?

हॅरो, लंडन

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक इंग्रजांना ठाऊकच नाही, दोन्हीकडे 'वुई'. शेजारीण "वुई आर गोइंग टू ब्रायटन" म्हणाली, की ते आमंत्रण होतं की नुसती बातमी, हे तिची गाडी निघून गेल्यावर कळतं.

सध्या घरात सर्वनामांनी उच्छाद मांडलाय. इथे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना सर्वनाम कुठे वापरावं आणि कुठे सरळ नाव घ्यावं हे शिकवतात. चिरंजीवांनी वाक्य आणलं : "रमेश वेंट टू सुरेश अँड केम बॅक विथ हिज अंब्रेला." (नावं माझी. मूळची तुझ्या लक्षात राहायची नाहीत.) आता छत्री कोणाची? इंग्रजी गप्प. मराठीत रमेश 'आपली' छत्री घेऊन आला तर सज्जन, 'त्याची' घेऊन आला तर चोर. एका शब्दात पंचनामा! केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा एवढा जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि ते दामले कुटुंब राहायचं आपल्या दापोलीजवळच्या वळण्याला, हे मी पोराला छाती फुगवून सांगितलं. त्याला छत्रीचीच काळजी.

मग "इट इज रेनिंग." यातला 'इट' कोण? बाई म्हणाल्या, कोणी नाही, जागा भरायला बसवलाय. आपल्याकडे पाऊस स्वतः येऊन पडतो, इथे त्याला डमी उमेदवार लागतो. दापोलीत जुलैत असला प्रश्न कोणी विचारलाच असता, तर पत्र्यावरच्या आवाजात ऐकू आला नसता.

'यू' मूळचं अनेकवचनी. एकवचनी 'दाऊ' यांनी कधीच मोडीत काढलं. त्यामुळे इथे कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो.

आता तुझ्याविषयी. परवा फोनवर म्हणालीस, "ते आले होते, ह्यांनी त्यांना सांगितलं ते काढून टाका, तर ते म्हणाले ते आल्यावर बघू." 'ह्यांनी' म्हणजे बाबा, तेवढं समजलं. उखाण्याबाहेर तू त्यांचं नाव कधी घेतलंयस? पण बाकीचे 'ते' कोण, आणि काढायचंय काय? कुंपण असेल तर खुशाल काढा. परसातलं हापूसचं कलम असेल, तर मी मे महिन्यात येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नकोस. उलट टपाली नावानिशी कळव.

तुझा,
बाळू