ग्रंथपालांची पदोन्नती

चष्म्याच्या काचेवरून वाचकाकडे संशयाने पाहणारा, डांबराच्या गोळ्यांच्या वासात उभा जन्म काढणारा आणि परत न आलेल्या पुस्तकाचे दुःख सेवानिवृत्तीनंतरही उराशी बाळगणारा सद्गृहस्थ म्हणजे ग्रंथपाल, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती आता सोडून द्यावी. कारण राज्यातील अनेक विद्यापीठांत ग्रंथालयाच्या दारावर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी पाटी लागली असून, संचालकपदावर आरूढ झालेल्या या गृहस्थांची पुस्तक शोधून हातात देण्याच्या कनिष्ठ कामातून सन्मानपूर्वक मुक्तता झाली आहे.

या भाग्योदयाचे शिंतोडे आमच्या सिंधुदुर्गापर्यंत उडाले आहेत. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि ई-नियतकालिकांचे भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ताब्यात. तेव्हा मधल्या मध्ये मालवणच्या ग्रंथपालाकडे जे कर्तव्य उरते ते विद्यार्थी विसरलेला पासवर्ड त्याला पुनःपुन्हा मिळवून देण्याचे. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि सुमारे १३,००० नियतकालिकांची कवाडे उघडली, हे खरोखर स्तुत्यच आहे. पण आमच्याकडे मृगाची पहिली सर कोसळताच वीज आणि नेटवर्क ही दोन्ही दैवते एकदमच अंतर्धान पावतात. २०२१ च्या तौक्ते वादळात तर ती कित्येक दिवस परतली नव्हती. कपाटातल्या पुस्तकांना फार तर बुरशी आणि कसर लागते, एवढाच काय तो त्यांचा मागासलेपणा.

खरी सत्ता मात्र ग्रंथपालाच्या हाती आली ती २०१८ साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याचे विनियम काढले, आणि त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, चाळीसपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून आणण्यास सहा महिन्यांची मुदत, साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द, असा दरतक्ता ठरवून दिला. साम्याची ही रुजुवात बहुधा ग्रंथालयातच होत असल्यामुळे, ज्यांनी संशोधनाच्या सर्व वर्षांत ग्रंथालयाची पायरी चढण्याची तसदी घेतली नव्हती असे विद्वान आता दाखल्यासाठी दाराशी अदबीने ताटकळत असतात. कोणते पुस्तक वाचावे हे ते विचारीत नाहीत. कोणते वाक्य फिरवले म्हणजे अकराचे नऊ होतील, एवढीच त्यांची पृच्छा असते.

वाचकाचा वेळ वाचवा, असे रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या पाच सूत्रांपैकी चौथ्यात सांगून ठेवले होते. आम्ही तो इतका वाचवला की वाचकाला येण्याचेच कारण उरले नाही. तथापि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला रोज किती जण ग्रंथालयात आले आणि किती जणांनी लॉगिन केले याचा हिशेब लागतो. म्हणून समितीच्या आगमनापूर्वी पंख्याखाली गप्पा मारण्यास आलेल्या मंडळींच्याही सह्या घेतल्या जातात, आणि तो आकडा ग्रंथालय समितीच्या बैठकीत वाचून दाखवला की गाऱ्हाण्याच्या वेळी उठतो तसा ‘व्हय म्हाराजा’ असा एकमुखी गजर होतो.

अशाच एका धामधुमीच्या दिवशी एक विद्यार्थिनी ‘सर, रापणीवर काही आहे का?’ असे किनाऱ्यावरून ओढायच्या पारंपरिक जाळ्याविषयी विचारीत आली. संगणकाने परदेशी किनाऱ्यांवरील जाळ्यांविषयीचे अनेक इंग्रजी निबंध क्षणार्धात पुढे केले; पण दोर कोण ओढतो, वाटे कसे पडतात आणि यांत्रिक बोटींच्या पर्ससीनवाल्यांशी तंटा नेमका कशाचा, याचा त्यांत मागमूस नव्हता. ग्रंथपालांनी खालच्या कपाटातून एका जुन्या स्मरणिकेचा जीर्ण अंक काढून दिला आणि मालवणातल्याच दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी कोणाकडे जाऊन बसावे तेही चिठ्ठीवर लिहून दिले. मुलगी समाधानाने गेली. मग ही सेवा वार्षिक अहवालाच्या कोणत्या रकान्यात दाखल करावी, असा पेच उभा राहिला. वरिष्ठांकडे विचारणा झाली, आणि पुष्कळ ऊहापोहानंतर ‘ई-संसाधनांचा वापर’ या सदरात एकाची भर घालण्याचा तोंडी हुकूम आला.