अर्धी वाकळ

"काय वहिनी, आज तुळशीला पाणी नाही वाटतं?"

भिंतीपलीकडून ही चौकशी आली की समजायचं, सिस्टर फिरून आल्या. आमच्या दोघींच्या मध्ये छातीइतकी भिंत आणि भिंतीवर रेललेला शेवगा. शेंगा त्यांच्या अंगणात, पानांचा कचरा माझ्या. वीस वर्षांची तक्रार आहे, पण शेंगांचा वाटा न चुकता येतो, म्हणून मी फार ताणत नाही.

सिस्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नर्स म्हणून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. दर मंगळवारी बीपीचं मशीन पिशवीत टाकून बाई निघतात. शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमा बघतात, अंथरुणावर असलेल्यांची कूस बदलून देतात. रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये पोरांचा वर्ग.

"कोपऱ्यावरचे बँकवाले कसे आहेत हो?" मी हळूच विचारलं. (हळूच म्हणजे आमच्या ह्यांना ऐकू जाईल इतपत.)

"बीपी दीडशेच्या वर. गोळ्या चालू आहेत. पण वहिनी, दिवसभर टीव्हीपुढच्या खुर्चीत. म्हटलं, माझ्या वर्गातल्या पोरांना गणितं घाला. तर म्हणतात, आता विश्रांतीचं वय. आमच्या शास्त्रात हन्ना म्हणून एक बाई आहे. सात वर्षं संसार, मग नवरा गेला. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही मंदिर सोडेना, उपास आणि प्रार्थना. बाळ येशूला आणलं तेव्हा ती तिथं हजर! घरी टीव्ही बघत बसली असती तर?"

आमच्या घरातला टीव्हीचा आवाज जरा कमी झाला. मला बरं वाटलं.

सिस्टरचं आजोळ बेथेलचं, जालन्याजवळच्या ख्रिस्ती वस्तीतलं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेली. ब्राह्मणाच्या घरचा मुलगा, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं इथं निजामाच्या मुलखात येऊन राहिला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली, शाळा-चर्च उभं राहिलं. सिस्टर एरवी हळू बोलतात, इथं आवाज चढतो. "आमचे पणजोबा मातंग वस्तीतले. ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्यात शेषाद्री येऊन राहिले. आणि म्हातारपणी तरी घरी बसावं ना? 1891 साली गेले ते परदेशच्या प्रवासात, जहाजावर."

"म्हणजे काम सोडून गेले म्हणायचं," मी म्हटलं.

"सोडून नाही, ठेवून."

हे बोलताना त्यांच्या मांडीवर वाकळ होती. जुन्या लुगड्यांची, मधोमध हिरवा काठ. त्यांच्या जावेनं घातलेली. अर्ध्यावर ती गेली. दोन वर्षं ट्रंकेत पडून होती. पुण्याचा मुलगा म्हणतो, नवी ब्लँकेट मिळते, आई, डोळे कशाला फोडतेस. शिवाय फ्लॅटवर राहायला ये म्हणून दर रविवारी फोन. बाई म्हणतात, येईन की, ही पुरी होऊ दे. मला विचाराल तर आता टाके जरा लांबलांब पडायलेत, ते मुद्दामच.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या हाताचं पुरं करायचं म्हणजे कटकटच, टाक्याला टाका जुळत नाही.

"लक्ष्मीबाई टिळकांना विचारा की," सिस्टर म्हणाल्या. "नारायण वामन टिळक 1919 ला गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, ख्रिस्तायन, त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. मागं राहिलेली बाई कोण, तर जोडाक्षरांशी जन्मभर भांडलेली. तिनं चौसष्ट अध्याय लिहिले! अन् तिच्या आत्मचरित्राचा, स्मृतिचित्रांचा पहिला भाग आला 1934 ला, तेव्हा पासष्टी ओलांडली होती. 1936 ला त्याही गेल्या. ख्रिस्तायन छापून आलं 1938 ला. बाईंनी पाहिलंसुद्धा नाही."

मला जरा चुटपुट लागली. एवढं लिहायचं आणि पुस्तक हातात यायचं नाही? सिस्टरना त्याचं काहीच नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगितलेली गोष्ट असावी, तशा सहज सांगत होत्या. आमच्याकडेही आजी म्हणायची, आंबा लावणाऱ्यानं आंबा मोजू नये. पण ती दारचा आंबा खाऊनच गेली.

"घ्या, एवढा दोरा ओवून द्या. मला भोक दिसेना."

मी सुई उन्हाकडे धरली. दोरा थुंकीनं ओला केला, टोक दातानं तोडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मलाही दिसेना.

"अहो!" मी घरात हाक मारली. "टीव्ही बंद करा आणि चष्मा घालून इकडं या."