डाव्या पायाची चप्पल

इटलीला निघताना मी तीन वह्या घेतल्या होत्या. एक राजकारणाची, एक खाण्याची, एक फुटबॉलची. नेपल्समध्ये दुसऱ्याच दिवशी तिन्हींची मिसळ झाली, आणि त्याला कारणीभूत ठरली माझी कोल्हापुरी चप्पल.

जुन्या शहराचे सरळ दोन तुकडे करत जाणारा स्पाक्कानापोली नावाचा चिंचोळा रस्ता. खाली काळ्या दगडाच्या गुळगुळीत फरश्या आणि माझ्या हातात पिझ्झा. रस्त्यावर खायचा पिझ्झा इथे चार घड्या घालून कागदात देतात. घडीच्या पोटात उकळता टोमॅटो दबा धरून बसलेला असतो. तो कोपरापर्यंत ओघळू नये म्हणून मी वाकलो, तेवढ्यात मागून स्कूटर आली. मी उडी मारली. पिझ्झा वाचला, पण डाव्या चपलेचा अंगठा तुटला.

फरफटत मुक्कामी आलो. घरमालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मोबाइलला मराठीत सांगितलं, "डावा अंगठा तुटला." त्यानं ते इमानेइतबारे इटालियनमध्ये सांगितलं. सिन्योरांनी किंकाळी फोडली, मला खुर्चीत बसवलं, पायावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवली आणि शेजारणींना हाका मारल्या. चार बायकांनी माझा अंगठा आळीपाळीने दाबून पाहिला. तो शाबूत आहे म्हटल्यावर त्यांना आनंद झाला की त्या हिरमुसल्या, हे आजही मला सांगता येणार नाही.

जेवायला मात्र बसवलंच. रविवार होता, म्हणजे रागू. टोमॅटोत मांसाचे मोठे तुकडे घालून सकाळपासून मंद आचेवर ठेवायचे. तो रटरटता कामा नये. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन 'पिप' म्हणाला पाहिजे. या क्रियेला नेपल्सच्या बोलीत 'पिप्पियारे' असं खास क्रियापद आहे. बुडबुड्यासाठी क्रियापद घडवणाऱ्या लोकांचं सरकार टिकलं नाही, तर मी तरी दोष देणार नाही. जेवण झाल्यावर मी कापुच्चिनो मागितला आणि टेबलावर शांतता पसरली. दुधाची कॉफी सकाळची. भर दुपारी, रागूवर? पुरणपोळीवर कुणी चहा ओतावा, तशा नजरेनं सगळे माझ्याकडे पाहू लागले.

सोमवारी मोची शोधला. दुकानात सान जेन्नारो या ग्रामदैवताची तसबीर आणि शेजारी मॅराडोनाची. दिवा मॅराडोनापुढे. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यानं चप्पल उलटीपालटी केली, एकही खिळा नाही म्हणून कौतुक केलं आणि दुभाषी मुलामार्फत विचारलं, "डावीच आणलीत? लाउरोचे मतदार की काय?"

आकिल्ले लाउरो हा जहाजांचा मालक. 1952 साली नेपल्सचा महापौर झाला. शहराचा फुटबॉल क्लब नापोलीही त्याच्याच ताब्यात. त्याच वर्षी त्यानं येपसन हा स्वीडिश खेळाडू साडेदहा कोटी लिरांना आणला. येपसन मैदानात पडला की प्रेक्षक ओरडायचे म्हणे, बँक ऑफ नेपल्स पडली! आणि मतांसाठी लाउरो पास्त्याची पाकिटं नि बूट वाटायचा. डाव्या पायाचा बूट मतदानाआधी, उजवा निकालानंतर. राजकारण, खाणं, फुटबॉल आणि वर पादत्राणं, सगळं एकाच माणसात! निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडे काय काय वाटतात ते मला ठाऊक आहे, पण जोड फोडून द्यायची अक्कल आपल्या कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही.

मी राजकारणाची वही उघडून सध्याच्या सरकारबद्दल त्याचं मत विचारलं. म्हाताऱ्यानं हात झटकला. 1946 पासून अडुसष्ट सरकारं, नावं कोण पाठ करणार? त्यापेक्षा सत्याऐंशीचा संघ विचारा. नापोलीनं 1987 साली पहिल्यांदा लीग जिंकली, तेव्हा कबरस्तानाच्या भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की काय गमावलंत हे तुम्हाला कळायचं नाही. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. "गारेल्ला, ब्रुस्कोलोत्ती, फेर्रारा, बान्यी..." आरतीची चाल लावली असती तर मी टाळ्या धरल्या असत्या.

माजी पंतप्रधान बेर्लुस्कोनींचं नाव मी काढायला नको होतं. 1994 साली त्यांनी प्रेक्षकांची 'फोर्त्सा इतालिया' ही आरोळीच पक्षाचं नाव म्हणून उचलली, हा माझा आवडता मुद्दा. म्हाताऱ्याचा आक्षेप पक्षावर नव्हता. ते मिलान क्लबचे मालक होते, त्यावर होता. त्यानं चप्पल फळीवर ठेवली. आज संध्याकाळी नापोलीची मॅच, उद्या या.

मॅच बरोबरीत सुटली. मंगळवारी दुकान बंद. मुलगा म्हणाला, बाबांचा मूड नाही. बुधवारी चप्पल मिळाली. पैसे घेतले नाहीत, "निकालानंतर" एवढंच म्हणाला.

त्यानं शिवलेला अंगठा आजही टिकून आहे. उजव्याचा गेल्या महिन्यात तुटला. आमच्या नाक्यावरचा मोची म्हणाला, "साहेब, दोन्ही घेऊन या."