पिठ्ठूनाना

पारगाव-खंडाळ्याच्या स्टँडवर उतरून नानांचं खरं नाव विचारलंत तर लोक मान हलवतील. 'पिठ्ठूनाना' म्हणा, रिक्षावाला थेट दारात सोडेल आणि सुट्टे पैसे परत न देताच पळेल. रेंगाळला तर नाना त्यालाही आत घेतील.

आत गेलात की संपलं. चहाच्या आधी मांडीवर जुनी खाकी पाठपिशवी येते. पलटणीच्या बोलीत पिठ्ठू. "झाकण उलटं करा. बाण दिसला?" इंग्रज सरकारच्या लष्करी मालावर बाणाचा शिक्का असे आणि हिंदुस्थानच्या मालावर बाणाखाली इंग्रजी 'आय'. तुम्ही चहाच्या आशेनं न दिसताच "दिसला" म्हणता. "मग आय कुठाय?" नाना विचारतात. चहा निवतो.

बाणाचं हे वेड घरापुरतं असतं तर भागलं असतं. व्याह्यांकडे पाणी समोर आलं की नाना आधी तांब्याचं बूड बघतात, पाणी धोतरावर. लोणंदच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या हातातला झारा उलटा केला. बाण नव्हता. बुंदी होती, ती मांडवभर झाली.

रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांची वारी ठरलेली. तिथून आलेला १९०८ च्या बनावटीचा गोऱ्या सोल्जरचा पट्टा हा त्यांचा विशेष लाडका. दहा कप्पे, कप्प्यात पंधरा काडतुसं, एकूण दीडशे. दिवाळसणाला आलेल्या जावयाला तो पट्टा, पाठीवर पिठ्ठू, कमरेला पाण्याची बाटली असं सगळं चढवून नानांनी अंगणात चालवलं. काडतुसं नाहीत म्हणून कप्प्यांत वाळू भरली होती. पुढच्या दिवाळीला मुलगी एकटीच आली.

पण नानांची खरी शिकार आसपासच्या गावांत. सातारा जिल्ह्यात लष्करी पेन्शन न आलेलं गाव शोधावं लागेल. एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले; गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. फौजी घरी परतले की त्यांच्याबरोबर आलेला माल शेतीत रुजू व्हायचा. बाटलीत रॉकेल, पायाच्या पट्ट्यांनी म्हशीच्या दाव्याला जोड, पाऊचमध्ये दोडक्याचं बी. हे बघून नानांचा जीव कासावीस होतो. "अहो, बाणावर रॉकेल!" असं ओरडत ते एकदा थेट गोठ्यात शिरले, तेव्हा म्हशीनं आपलं मत शेपटीनं दिलं.

स्वतः नाना फौजी नव्हेत. भरतीत छाती अर्ध्या इंचानं कमी भरली, हे नानींनी चहा देता देता सांगितलं. नाना तेव्हा बकलाला ब्रासो लावण्यात फारच गर्क झाले. पुढे जन्मभर एसटीत तिकिटं फाडली. अंगात खाकी, खांद्याला पट्टा, पट्ट्याला चामडी पिशवी.

खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत एका आजींकडे त्यांना १९३७ पॅटर्नचा पिठ्ठू मिळाला. आत लसूण. नानांनी लसूण सुपात ओतला, बाण बघितला, आय बघितला, पाचशेच्या चार नोटा काढल्या. आजींनी त्या कमरेला खोचल्या आणि सहज म्हणाल्या, "मामंजी इटलीहून आले ते हे घेऊन. मरेस्तवर उशाला हेच. गादीवर डोळा लागत नव्हता त्यांचा."

नाना पिठ्ठू घेऊन आले. ब्रासो काढला, ठेवला. झाकणाच्या आत शाईनं लिहिलेला शिपायाचा नंबर होता. त्यावरून बोट फिरवत बसले. एवढ्या वर्षांत त्यांच्या कपाटातल्या एकाही पिठ्ठूला मालक नव्हता, फक्त सन आणि पॅटर्न. दोन दिवस पाहुण्यांना बाण दाखवला नाही. गावाला वाटलं नाना आजारी आहेत.

तिसऱ्या दिवशी पिठ्ठू आजींना परत. पैसे मागणं जमलं नाही, आणि देणं आजींना सुचलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे सुपातला लसूण पुन्हा आत भरला, नाना काही बोलले नाहीत. निघताना आजींनी ओंजळभर लसूण त्यांच्या पिशवीत घातला.

नानींनी तो तराजूवर तोलला. "पाव किलो," म्हणाल्या. "म्हणजे आठ हजार रुपये किलो पडला. सोलून द्या आता तुम्हीच."