पिकलं पान आणि नॉमिनी

बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेपाचला मरणाची चर्चा सुरू होते. क्लब हाऊसमागच्या कट्ट्यावर मंडळी जमतात. मिरज, नागपूर, कोईमतूर, जमशेदपूर अशा ठिकठिकाणांहून मुलांकडे राहायला आलेली. कोणी नातवंडासाठी, कोणी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. भाषा मोडकीतोडकी हिंदी, पण विषय सगळ्यांच्याच घरचा असल्यामुळे व्याकरण आड येत नाही. अमक्याचे व्याही झोपेतच गेले, हे ऐकून सगळे ‘भाग्यवान’ म्हणतात. तमके दोन महिने व्हेंटिलेटरवर होते, हे ऐकल्यावर मात्र कोणी काही म्हणत नाही. मग डास चावायला लागतात आणि मंडळी मालिका बघायला घरी जातात. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेलं हे गाव. आता आयटी पार्क झाला, मेट्रो आली, पण साडेपाचच्या सुमाराला ते पेन्शनरांचंच असतं.

हीच माणसं घरात तो विषय काढतात, तेव्हा आम्ही त्यांना बोलू देत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, “आमचं काय, पिकलं पान.” बायको म्हणते, “अहो अण्णा, दिवेलागणीच्या वेळी काय हे!” मी लॅपटॉप उघडून विचारतो, “अण्णा, पोस्टातल्या खात्याला नॉमिनी कोण आहे?” त्यावर अण्णांचा चेहरा पाटबंधारे खात्याच्या हेडक्लार्कचा होतो. “सगळं लिहून ठेवलंय.” संपलं. त्यांची पिढी मरणावर तासभर बोलेल, पण ठेवीचा आकडा विचारलात तर ओठ मिटेल. आमची पिढी दिवसभर एसआयपी आणि टर्म इन्शुरन्सवर बोलते आणि मरण म्हटलं की पाणी आणायला उठते. त्यामुळे एका टेबलावर बसूनही आमचं बोलणं व्हायचं नाही.

‘सगळं लिहून ठेवलंय’ म्हणायचे ती फाईल शेवटी ताईने पुण्याहून फोनवर दटावल्यावर बाहेर आली. मुलीला नाही म्हणता येत नाही. फाईल म्हणजे एका पतसंस्थेने सभासदांना वाटलेली रेक्झिनची पिशवी. आत रबरबँडने बांधलेले गठ्ठे; रबर वितळून कागदाला चिकटलेले. पोस्टाची पासबुकं, एलआयसीच्या पॉलिश्या, केव्हाच विकलेल्या स्कूटरचं आरसी बुक, मिक्सरचं वॉरंटी कार्ड. भावकीच्या जमिनीचा सातबारा, त्यावर अकरा नावं आणि त्यांतली चार वारलेली. आणि स्टेपल केलेलं एक पाकीट, वर ठळक अक्षरात ‘माझ्यानंतर’. आत मृत्युपत्र असेल म्हणून आम्ही दबकत उघडलं. आत दिवसांच्या जेवणाचा बेत होता. गुरुजींना दक्षिणा किती, जिलेबी नको, बुंदी चालेल, आणि कोणत्या आचाऱ्याला मुळीच बोलवायचं नाही.

खरा स्फोट आईच्या बाजूने झाला. तिचं महिला पतसंस्थेत एक खातं निघालं, ज्याची अण्णांना पन्नास वर्षांच्या संसारात कुणकुण नव्हती. नॉमिनी म्हणून आमच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं नाव. आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. “मग तिला काढायचं कसं, वाईट दिसतं,” आई म्हणाली. अण्णांना नॉमिनीचं काही वाटलं नाही. खात्यात रक्कम किती, एवढंच ते परत परत विचारत राहिले. ते आईने आजतागायत सांगितलेलं नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही मला तेव्हाच अण्णांना समजावता आलं. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांच्या मिळकतीवरून त्यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं, की शेअर्स असोत वा इतर गुंतवणूक, नॉमिनी ती फक्त हातात घेतो, मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे जाते. साळगावकरांचं नाव काढताच अण्णा सरसावून बसले. कोर्टापेक्षा कालनिर्णयावर त्यांचा विश्वास जास्त आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, हे कळल्यावर मात्र ते म्हणाले, “चार? एवढी ठेव कुठाय?” मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी ऐच्छिक असते, हे ऐकून तर त्यांची निराशाच झाली. शिक्क्याशिवाय कागद ही कल्पना त्यांना पटत नाही.

शिक्क्याची हौस पुढे वेगळ्याच कागदाने भागवली. अण्णा मिरजेचे, आणि मिरजेचा माणूस दवाखान्यांच्या सावलीत वाढतो. १८९४ मध्ये तिथे वानलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि निम्मं गाव या ना त्या डॉक्टरच्या ओळखीचं. अण्णांनी अतिदक्षता विभागाच्या बाहेरचे बाक पुष्कळ झिजवले आहेत. त्यामुळे ‘मला नळ्या लावून ठेवायचं नाही’ हे त्यांचं जुनं पालुपद. ते कागदावर आणायची सोय कायद्यात झाली ती मोठ्या वळणाने. कर्नाटकातल्या हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका होत्या. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्या त्याच इस्पितळात पडून होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ मध्ये न्यायालयाने उपचार थांबवण्याचं दार किलकिलं केलं, आणि ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला मंजुरी दिली. पण सही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करायची अट! मरायला कोर्टात कोण जातो? २०२३ च्या जानेवारीत ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ ला तसं परिपत्रक काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच इच्छापत्र करून त्या राज्यातला पहिला नंबर लावला होता.

“विनोबांनी कुठे नोटरी केली होती?” अण्णांनी विचारलं. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं, ते त्यांनी तेव्हा पेपरात रोज वाचलं होतं.

“विनोबांच्या आश्रमात आयसीयू नव्हतं, अण्णा.”

हे पटलं.

होप फार्मजवळच्या एका नोटरीकडे गेलो. ती जागा भाडेकरारावर चालते. टायपिस्टने मान वर न करता विचारलं, ओनर कोण, टेनंट कोण? अण्णांनी मिरजेच्या कानडीत सांगितलं, टेनंट मीच, मालक वर आहे. टायपिस्ट इतका हसला की झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. साक्षीला कट्ट्यावरचे कोईमतूरचे आणि जमशेदपूरचे काका आले होते. दोघांनी चष्मे बदलून मसुदा दोनदा वाचला, सह्या केल्या आणि आपापल्यासाठी एकेक कोरी प्रत मागून घेतली.

स्वतःला बोलता येईनासं झालं तर निर्णय कोणी घ्यायचा, त्यासाठी त्या कागदात किमान दोन नावं द्यायची असतात. अण्णांनी ताईचं आणि सुनेचं दिलं. मी त्यांच्याकडे बघितलं. “तू आधी दहा जणांना फोन करशील,” ते म्हणाले, “तोवर मी नळ्यांतच.” बायको त्या दिवसापासून घरात जरा ताठ चालते.

हा कागद म्हणजे उपचार नको असं नव्हे, हे कट्ट्यावर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बरं होण्याची आशा संपल्याचं तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं सांगतात, तेव्हाच तो कामाला येतो, आणि तेव्हाही वेदना कमी करण्याचे उपचार चालूच राहतात. आमच्यापासून जवळच, वरतूर रस्त्यावर, ‘करुणाश्रय’ आहे. बरा न होणारा कर्करोग झालेल्यांची तिथे पैसा न घेता देखभाल होते. अण्णा आणि जमशेदपूरचे काका एकदा रिक्षा करून ते बघून आले. मधोमध पाणी आहे, शांत आहे, असा अहवाल दोघांनी दिला, आणि कँटीनची चौकशी राहून गेली म्हणून हळहळले.

आईने अजून सही केलेली नाही. नातीची मुंज नाही तर निदान दहावी होऊ दे, म्हणते. पण आजीचं नाव निघालं आणि तिथे ताईचं लागलं. अर्ज एका पानाचा होता.

तुमच्या घरीही अशी पिशवी असणारच. या दिवाळीला गेलात की फराळाचं ताट येण्याआधी ती मागा, वारलेल्यांची नावं आधी बदलून घ्या. आणि वडील पिकल्या पानाचं बोलू लागले, तर कृपा करून पाणी आणायला उठू नका. नळ्यांबद्दल त्यांचं म्हणणं काय, ते तिथेच विचारा आणि लिहून घ्या.