सवा संकल्प

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाचं वर्ष निदान सहा वेळा सुरू होतं. पहिली जानेवारी साऱ्या जगाची. चैत्रातला पाडवा आपला. एक एप्रिल हिशेबनीसाचा. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी धरतात, आणि त्या सुमाराला लिंबायत, उधना, डिंडोलीतली बिऱ्हाडं उधन्याहून गाडी धरून तापीच्या खोऱ्यातून गावाकडे निघतात. ऑगस्टात पारशांचं नवरोज. आणि दिवाळी सरली की गुजरात्यांचं बेसतुं वरस, त्या पहाटे पोरं ‘सबरस, सबरस’ ओरडत दारोदार मीठ विकतात.

ज्या गावात वर्ष एकदाच उगवतं तिथे जानेवारीत संकल्प मोडला की पुढचे अकरा महिने तोंड लपवत फिरावं लागतं. आम्ही फक्त पुढची तारीख बघतो. माझा पहाटे उठण्याचा संकल्प आजवर शालिवाहन शक, विक्रम संवत आणि इसवी सन अशा तिन्ही कालगणनांत नोंदलेला आहे. एवढा मान फार थोड्या शिलालेखांना मिळाला असेल.

संकल्पाचा विषय निघाला की बाजारातले गुजराती मित्र शिवाजी महाराजांची आठवण काढतात. ‘तुमच्यातला एकच माणूस ध्येय ठरवून सुरतेत आला,’ असं त्यांचं म्हणणं. खरंच आहे. १६६४ च्या जानेवारीत महाराज आले, जे ठरवलं होतं ते जानेवारीतच उरकलं आणि जानेवारीतच परतले. १६७० मध्ये पुन्हा येऊन उजळणीही केली. गंमत अशी की, पहिल्या लुटीच्या वेळी इथल्या वखारीतल्या इंग्रजांच्या दप्तरात अजून १६६३ च चालू होतं, कारण त्यांचं साल २५ मार्चला बदलायचं. म्हणजे नवं वर्ष नक्की कधी लागतं यावर सुरतेत तेव्हाही एकमत नव्हतंच.

तारखा कितीही असल्या तरी माझा मुख्य संकल्प एकच: वजन उतरवणे. पण ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण ज्या गावाने मिरवली, त्या गावाच्या पंचांगात डाएटला मुहूर्तच नाही. एक जानेवारीला हिरवाकंच पोंक आलेला असतो. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे आणि ताक. तो चालू असतानाच संक्रांत येते आणि कतारगामच्या पापडीचं उंधियुं घेऊन येते. पाडव्याला श्रीखंड. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस. ऑगस्टात पारशी बेकरीतली नानखटाई. आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली की चंदनी पडवो. त्या रात्री अख्खी सुरत तुपात न्हालेली घारी आणि भुसुं घेऊन घराबाहेर पडते, चांदण्यात बसून खाते. अशा वेळी घरात काकडी चिरत बसणं म्हणजे समाजाशी फटकून वागणं.

हे सगळं मी आमच्या शेठना सांगितलं. रिंगरोडच्या कापडबाजारातला जुना जैन माणूस. दिवाळीच्या संध्याकाळी ते चोपडापूजन करत होते. आता चोपड्याशेजारी लॅपटॉपही बसतो, त्यालाही कुंकू लागतं. नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘श्री’चा मनोरा आणि खाली गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलीचं बळ मिळो, अशी मागणी. बाहुबली वर्षभर एका जागी उभा होता म्हणतात. माझा व्यायामाचा संकल्पही वर्षभर जागचा हलत नाही, तेव्हा ते बळ माझ्यापाशी आहेच. पण माझं लक्ष वेधलं ते ‘लाभ सवाया’ या शब्दांनी. एवढी यादी मागणारा माणूस नफा मात्र सव्वापटच मागतो? मी विचारलं, “शेठ, डबल का नाही?”

“डबल ना लखाय, भाई. सवायुं लखाय,” ते म्हणाले आणि आरतीला लागले.

मला एकदम उजेड पडला. आपले संकल्प एकतर शून्याचे असतात, नाहीतर एव्हरेस्टचे. साखर बंद. पावलं रोज दहा हजार. हा दहा हजारांचा आकडाही कुठल्या डॉक्टरने नाडी धरून दिलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. म्हणजे विक्रेत्याचं ध्येय आपण इतकी वर्षं चालतोय. त्यापेक्षा आज जेवढं होतं त्याच्या सव्वापट, हे सुरती गणित माणसाच्या मापाचं आहे.

मी लगेच सवा लागू केला. चहाच्या टपरीपर्यंत चालत होतो, आता पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जातो आणि टपरीवर परततो. रात्री पुस्तकाचं एक पान वाचत होतो, आता सवा. पण सवा पानावर वाक्य अर्धवट तुटतं, ते पुरं करायला दुसरं पान वाचावं लागतं. हिने हाच नियम घरखर्चाला लावून सव्वापट पैसे मागितले. शेठना पगाराबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की चोपडा धंद्याचा असतो, नोकराचा नसतो.

घोडं अडलं ते आईपाशी. ती अमळनेरला असते आणि मी तिला आठवड्याला एक फोन करतो. एका फोनचा सवा कसा करणार? शेवटी हिशेब बसवला: चार आठवड्यांत चाराऐवजी पाच. पहिला जास्तीचा फोन भर मंगळवारी लावला. आईने उचलल्या उचलल्या विचारलं, “काय व्हयनं रे?” काही झालं नाही, सहज केला, हे तिला पटवण्यात सगळा फोन गेला, शेवटी हिला बोलवून साक्ष द्यावी लागली. म्हणून आता जास्तीचा फोन करायच्या आदल्या दिवशी एक फोन करून कळवतो, की उद्या फोन येईल, घाबरू नकोस. त्यावर ती अर्धा तास बोलते.

म्हणजे चाराचे झाले सहा. संकल्प सवाचा होता, पदरात दीड पडतोय. शेठना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच चोपड्यातून मान वर काढून माझ्याकडे धंदेवाल्याच्या आदराने पाहिलं.