चिमूरचे वकील, मुक्काम पुणे

सकाळी नऊच्या सुमारास नगर रोडवर, वाघोली-खराडीच्या पट्ट्यात, विदर्भातून आलेल्या ट्रॅव्हल्स रिकाम्या होऊ लागतात. रात्रभर बसून सगळ्यांचे चेहरे सारखेच झालेले असतात. त्यामुळे त्यातला चिमूरचा पोट्टा ओळखायचा तो सामानावरून. पाठीला लॅपटॉपची बॅग, मानेभोवती दुपट्टा आणि डिकीतून ओढून काढलेली तांदळाची चुंगडी. चुंगडी खांद्यावर घेऊन तो रिक्षावाल्याला आधी 'राम राम' घालतो. रिक्षावाला दचकतो. मग रिक्षावाला भाडं सांगतो आणि हा दचकतो. पुण्याशी त्याची पहिली देवाणघेवाण अशी बरोबरीत सुटते.

पुण्यात तांदूळ मिळत नाही का, असं त्याला विचारू नये. मिळतो, पण 'त्याचा भात नाही होत'. मेसमध्ये चार पोळ्या संपल्यावर वाटीच्या मापाचा भात पानात उलटा पडतो, तो पाहून धानाच्या मुलखातल्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो. किराणा दुकानात एचएमटी तांदळाची पाटी दिसली की तो थांबलाच. मग दुकानदाराला फुकटात माहिती मिळते. हा वाण आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी ऐंशीच्या दशकात लोंबी लोंबी निवडून तयार केला, ते जेमतेम तिसरी शिकलेले होते, आणि नाव पडलं ते तेव्हाच्या मनगटी घड्याळावरून. दुकानदार सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "किती देऊ?" हा म्हणतो, "नोको, घरून आणला आहे."

हीच माहिती चिमूरला असताना कोणी सांगायला गेलं असतं, तर यानं मोबाइलमधून मान वर केली नसती. ही या जातीची पहिली खूण. चिमूरला त्याला चिमूरचं काही पडलेलं नव्हतं. वर्धा नदीचा पूल ओलांडून गाडी पश्चिमेला लागली, की त्याच्या अंगात वकील संचारतो आणि अशील म्हणून अख्खा तालुका उभा राहतो.

पहिली केस पत्त्याची. "गाव कुठलं?" "चिमूर." "चेंबूर?" "चिमूर. चंद्रपूर जिल्हा." "अच्छा, म्हणजे छत्तीसगडकडे." यावर तो श्वास घेतो आणि ठेवणीतला पुरावा काढतो : "गडचिरोली-चिमूर ऐकलं नाही का? लोकसभा मतदारसंघ!" समोरच्याचा चेहरा उजळतो. दर पाच वर्षांनी निकालाच्या दिवशी टीव्हीच्या खालच्या पट्टीत हे नाव सरकताना त्यानं पाहिलेलं असतं. मात्र ते पाहून त्याला वाटलेलं असतं, की हे एकच गाव आहे, जोडनावाचं, हडपसर-मांजरीसारखं. मग पोट्ट्याला पुढचं सांगावं लागतं. मतदारसंघाचं नाव आधी नुसतं चिमूर होतं, फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून गडचिरोली पुढे येऊन बसली. गडचिरोलीला २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हाही मिळाला. चिमूर जिल्ह्याची मागणी मात्र याच्या बापाच्या तरुणपणापासून चालू आहे. "म्हणजे पाहा, जिल्हा त्यांचा आन नावात पहिला नंबरही त्यांचाच. आमी हायफनच्या मागं." ऐकणाऱ्यानं फक्त पार्सल देण्यासाठी पत्ता विचारलेला असतो.

राहायला तो सदाशिव पेठेत असतो, नाहीतर हिंजवडीच्या अलीकडे. पहिला असेल तर एमपीएससी, दुसरा असेल तर आयटी. खोली कागदावर तिघांची असते आणि भिंतीवरच्या खिळ्यांना सहाजणांच्या पँटी असतात. उरलेले तिघे 'गावाकडून आलेले, दोन दिवसांत जाणारे' असतात आणि ते दोन दिवस पुढच्या जाहिरातीपर्यंत चालतात. घरमालकीणकाकू जिना चढताना चपला मोजतात. हा दार उघडतो आणि अत्यंत नम्रपणे म्हणतो, "या ना काकू, बसा, जेवून जा." जेवणाचं आमंत्रण आलं, की काकूंना भांडायचं कसं ते सुचत नाही. आजवर एकाही भाडेकरूनं त्यांना त्यांच्याच घरात 'जेवून जा' म्हटलेलं नसतं.

शहरात फिरताना तो दोन कायदे पाळतो. पहिला एसटीचा. चिमूर आगारात गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून दुपट्टा आत टाकला, की ती सीट आपली. मग तिथं आमदार आला तरी उभा राहील. हा कायदा पुण्याच्या सिटी बसला लागू नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. स्वारगेटला संध्याकाळच्या गर्दीत त्यानं धावत जाऊन खिडकीतून दुपट्टा टाकला. खिडकीतल्या बाईंनी तो मांडीवरून उचलून समोरच्या दांडीला टांगला, आणि तो दाराशी पोचेपर्यंत दार बंद होऊन बस कात्रजला निघून गेली. मागची बस धरून हा कात्रजला. कंट्रोलरनं विचारलं, "काय हरवलं?" "दुपट्टा." "कुणाचा?" "माझा." कंट्रोलरनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, ड्रॉवरमधून चौकड्यांचा दुपट्टा काढला, आणि "सही करा" म्हणाला. रजिस्टरात 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात त्यानं 'पंचा' असं लिहून पुरुषमंडळींची अब्रू राखली. आता नव्या विजेच्या बसगाड्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. त्या पाहिल्या की पोट्टा हळहळतो, "गाडी चांगली आहे, पण जागा कशी धरायची गा?"

दुसरा कायदा जंगलाचा. कर्वे रस्ता ओलांडताना तो एकटा जात नाही. चार माणसं जमेपर्यंत थांबतो, मग मधोमध शिरतो आणि मोठ्यानं बोलत चालतो. मित्र हसतात. त्याच्या गावी मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे निघतात त्या अशाच, घोळक्यानं आणि बोलत. जी एकटी वाकून वेचत राहिली, तिची बातमी होते. हे तो मित्रांना सांगत नाही, कारण वाघ म्हटलं की मित्रांचे डोळे निराळेच चमकतात.

ऑफिसात ताडोबाचा विषय निघाला, की चंद्रपूर जिल्ह्यातला म्हणून याला मध्ये बसवतात. कोलारा गेट चिमूर तालुक्यात येतं, हे कळल्यावर तर टीम लीडरही त्याच्याशी आदरानं बोलू लागतो. "बुकिंग मिळत नाहीये रे. तुझी ओळख असेल ना?" ओळख असतेच. कोणाचा तरी मामा जिप्सी चालवतो, कोणाचा आत्येभाऊ गाईड असतो. "तू किती वेळा सफारी केलीस?" हा प्रश्न मात्र अडचणीचा. त्यानं एकदाही केलेली नसते. वाघ त्यानं पाहिलेला असतो तो फुकटात, एसटीच्या खिडकीतून, नाहीतर धानाच्या बांधीवर चिखलात उमटलेला पंजा बापानं दाखवला तेव्हा. त्या संध्याकाळी बापानं मोटर चालू करायला एकट्यानं जायचं नाही, असं घरात ठरलं होतं. पण चहाच्या टेबलावर हे कसं सांगणार? म्हणून तो एवढंच सांगतो, "मंगळवारी बंद असते." कुणीतरी म्हणतं, "वाघांना सुटी?" "नाही, पर्यटकांना. वाघाची ड्युटी चालूच असते."

उन्हाळ्यात त्याचे दिवस येतात. पुण्यात पारा चाळिशीला टेकला, की पेपरात पहिल्या पानावर उन्हाचा फोटो येतो आणि ऑफिसात कोणी जागेवरून उठत नाही. हा भर दुपारी टपरीवर चहा पीत उभा असतो आणि ब्रह्मपुरीचे आकडे सांगत असतो. "कालचं ४६. परवा ४७ वर गेलतं." स्वतः भट्टी पेटवल्यासारखा तो अभिमानानं बोलतो. खोलीत मात्र त्याला चैन पडत नाही. पाण्याच्या कूलरची घरघर आणि ओल्या खसाचा वास नसला, तर उन्हाळा लागल्यासारखंच वाटत नाही त्याला. दमट हवेत कूलर चालत नाही, हे न ऐकता त्यानं एक सेकंडहँड कूलर आणला. खोलीतले पापड मऊ पडले आणि सहाही पँटी वाळेनात, तेव्हा कूलर गच्चीवर गेला. आता काकूंची तुळस त्यात आहे.

संस्कृतीच्या बाबतीत पुण्याचं आपल्यापुढे काय चालणार, असं त्याचं मत आहे आणि त्यालाही पुरावा आहे. एकदा मित्रानं त्याला बालगंधर्वला नाटकाला नेलं. अडीच तासांनी पडदा पडला, टाळ्या झाल्या, लोक उठले. हा बसूनच. "चल ना!" "थांब, चहा पिऊन येतील ते." त्याला वाटलं, पहिला अंक झाला. झाडीपट्टीचं, त्याच्या धानाच्या मुलखातलं, नाटक म्हणजे वडशाची कंपनी, दिवाळीनंतर धान निघालं की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्तानं गावात मंडप, रात्री दहाला नांदी आणि शेवटच्या प्रवेशाला कोंबडा आरवायलाच पाहिजे. मध्ये विनोद, मध्ये लावणी, मध्ये मायबाप प्रेक्षकांची झोप, आणि पुन्हा नाटक. बालगंधर्वच्या पायऱ्या उतरताना तो तिकिटाकडे पाहत म्हणाला, "एवढ्या पैशात आमच्याकडं दोन खून, एक लगन आन सकाळ होते."

पण त्याचं वकिलीतलं खरं यश आगाखान पॅलेसमधलं. नगर रोडवरून येताना-जाताना तो वाडा दरवेळी दिसतो. एका रविवारी खोलीतल्यांना घेऊन तो आत गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथं आणून ठेवलं आणि १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई इथंच गेले, हे फलकावर वाचलं आणि त्याचा आवाज चढला. "आन दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, नागपंचमीला, आमच्याकडं काय झालं माहीत आहे?" मग त्यानं चिमूरची क्रांती सांगितली. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेलं गाव, गोळीबारात पडलेला बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा, संतापलेल्या लोकांच्या हातून मेलेले अधिकारी, मग गोऱ्या शिपायांनी गावावर केलेले अत्याचार, आणि त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी सेवाग्रामला केलेलं ६३ दिवसांचं उपोषण. बोलता बोलता भोवती माणसं जमली. एका आजोबांनी चष्मा काढून पुसला. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही इथले गाईड का?" त्या दिवशी तो जिना चढला तो दोन-दोन पायऱ्या टाकत.

हाच पोट्टा शाळेत असताना दर १६ ऑगस्टला शहीद स्मृतिदिनाला रांगेत उभा असायचा आणि नेत्यांची भाषणं कधी संपतात व खाऊ कधी वाटतात, एवढीच त्याला चिंता असायची.

माघात चिमूरला बालाजी देवाची घोडायात्रा भरते, तेव्हा तो रजा टाकून गावी जातो. पुण्यात त्याला पाहिलेलं कोणी तिथं त्याला ओळखणार नाही. रहाटपाळण्याच्या धुळीत तो नाकाला रुमाल लावून उभा. "किती डस्ट आहे!" पाणी बाटलीचं. हॉटेलात तर्री पाहून "तेल जरा कमी टाकत जा" असा सल्ला. रांगेत कोणी मध्ये घुसलं, की "आमच्या पुण्यात असं नाही चालत". तो पारावर बसून मेट्रो नदीखालून कशी जाते, हे हातवारे करून सांगतो, तेव्हा म्हातारे माना डोलावतात. पुणेकर तिरसट असतात असं कोणी म्हणालं, की याला राग येतो : "तसं नसते गा. बोलायला तुटक, पण मनानं चांगले. आमच्या काकूंचंच पाहा." कात्रजच्या कंट्रोलरचा प्रामाणिकपणा तो माणसागणिक सांगतो. त्या गोष्टीत आता दुपट्ट्याच्या जागी पाकीट आलेलं आहे. माय मात्र नुसती ऐकते आणि चुंगडीचं तोंड शिवत राहते.

अर्थात खोटं तो कुठंच बोलत नाही. दोन्ही गावं त्याला मनापासून आवडतात, फक्त जिथं तो नसतो ते जास्त. अडचण आली ती लग्नाच्या वेळी. पुण्यात तो म्हणायचा, "पोरगी आपल्याकडची पाहिजे." चिमूरला म्हणायचा, "पुण्यात राहिलेली पाहिजे." असं स्थळ कुठून आणायचं, म्हणून नातेवाइकांनी हात टेकले होते. तेवढ्यात मिळालंच : शंकरपूरकडची पोरगी, नोकरीला खराडीत. तिनं पुण्यात चहा पिताना विचारलं, "पुढं राहायचं कुठं?" तो म्हणाला, "गावाकडं. इथं काय ठेवलं आहे?" आठवड्याभरानं तिच्या बाबांनी चिमूरला तेच विचारलं, तर म्हणाला, "पुण्यात. इथं काय ठेवलं आहे?" रात्री बापलेकीचं फोनवर बोलणं झालं आणि दोन्ही उत्तरं समोरासमोर आली. बाबा म्हणाले, "हा पोरगा तं खोटारडा दिसते." पोरगी म्हणाली, "नाही बाबा, जमते आपलं." यात्रेत आपण स्वतः काय काय बोलून आलो होतो, ते तिला आठवत होतं.